वेड ठेवा पण जागा बघून: डिझायनर कपडा विकायचा कसा

माझ्या दुकानात, सांगलीत विश्रामबागला, आत शिरलं की उजव्या हाताला एक घोंगडीचा कोट टांगलाय. अस्सल दख्खनी मेंढीच्या लोकरीचा, काळा, गुडघ्यापर्यंत, आणि खांद्याला एकही शिवण नाही कारण घोंगडी कापायचीच नाही असं मी ठरवलेलं, सगळा कोट नुसत्या घड्या घालून आणि चार ठिकाणी टाके मारून उभा केलाय. मला तो आजही आवडतो. येणारी प्रत्येक बाई त्याच्यासोबत सेल्फी काढते, पोरी तर अंगावर चढवून रील करतात. किंमत ठेवलेली 14,000. अडीच वर्षं झाली, एकानंही घेतला नाही, एक काकू मात्र फार प्रेमानं म्हणाल्या, "गं बाई, नाटकाला भाड्यानं देतेस का हा?"

आता का नाही गेला ते मला पहिल्या महिन्यातच कळायला पाहिजे होतं. घोंगडी टोचते, चिंचोक्याची खळ दिलेली असते म्हणून कडक असते, वजन आहे, आणि सांगलीत थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतले मोजके दिवस, त्यातही दुपारी बारा वाजता पंखा लावायला लागतो. मग मी घाबरून तेच केलं जे सगळे करतात. कल्पना पातळ केली. ग्रे सूटिंगचा साधा कोट केला आणि कडेनं घोंगडीची दोन बोटं रुंद पट्टी लावली. तो पण नाही गेला! कारण ज्याला साधा कोट पाहिजे त्याला तो गणपती पेठेत निम्म्या किमतीत मिळतो आणि ज्याला घोंगडीचं वेड आहे त्याला त्या पट्टीत काही दिसत नाही.

तिसऱ्यांदा जे केलं ते चाललं. सुती जॅकेट, कंबरेपर्यंत, साडीवर पण जातंय आणि कुर्त्यावर पण, आणि कॉलर मात्र पूर्ण घोंगडीची, भली मोठी, खांद्यापर्यंत उलटी पसरणारी, मानेला लागते तिथं आतून मऊ अस्तर. त्या कॉलरीत घोंगडीचा कडकपणा कामाला आला, कॉलर ताठ राहायला आत घालतात ते कॅनव्हास लावायलाच लागलं नाही, आपोआप उभी राहते. 22 नग गेले. म्हणजे कल्पना पातळ केली नव्हती, उलट कॉलर मूळ कोटापेक्षा जास्त वेडी होती, फक्त तिची जागा बदलली, जिथं अंगाला त्रास होत नाही अशा जागी नेऊन ठेवली. पुढं जे काही लिहिलंय ते सगळं ह्या एका गोष्टीवर आहे. पुणे-मुंबई-कोल्हापुरात फॅशनचा कोर्स करून परत सांगली-मिरज-कराडला येऊन स्वतःचं लेबल काढायचा विचार करणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितेय, ब्लाऊज-ड्रेसच्या शिलाईचं दुकान ही वेगळी गोष्ट आहे आणि त्यात माझ्यापेक्षा हुशार बायका गल्लोगल्ली आहेत.

आधी वेड कुठं आहे ते शोधा

कपड्यात वेडेपणा करायला तीनच जागा असतात. कापडात, कटमध्ये, नाहीतर वरच्या कामात म्हणजे प्रिंट, भरतकाम, रंग. नवीन माणूस काय करतो, तिन्ही ठिकाणी एकदम करतो. हातमागाचं झगमगीत कापड, त्यात एक बाही लांब एक आखूड, वर आरी वर्क, आणि गिऱ्हाईक गोंधळतं, त्याला नेमकं काय आवडलं हेच सांगता येत नाही. एका कपड्यात एकच वेड, बाकी दोन जागा शांत, हे मी आता भिंतीवर लिहून ठेवलंय.

मोठ्या डिझायनरांचं नीट बघितलं तर तेच दिसतंय. 1937 ला एल्सा स्कियापरेलीनं चित्रकार साल्वादोर दालीकडनं पांढऱ्या ड्रेसवर भला मोठा लाल लॉबस्टर काढून घेतला, आज पण बघताना धक्का बसतो, पण तो लॉबस्टर काढून टाका, खाली काय उरतं तर साधा, सरळ, कुठल्याही बाईला बरा दिसेल असा संध्याकाळचा ड्रेस. इव्ह सॅं लॉरॉंचा 1965 चा, मोंद्रियान ह्या चित्रकाराच्या चित्रांवरनं केलेला, मोंद्रियान ड्रेस तसाच. कट म्हणाल तर सरळ पोत्यासारखा, सगळं वेड लाल-निळ्या-पिवळ्या चौकोनात. आणि गंमत म्हणजे ते चौकोन छापलेले नाहीत, जर्सीचे तुकडे जोडलेत, आणि अंगाला बसण्यासाठी जे आकार द्यायचे ते त्या काळ्या रेघांच्या शिवणीत लपवलेत. मला हे कळलं त्या दिवशी मी माझं सगळं पॅचवर्क उसवलं, कारण मी तुकडे नुस्ते दिसायला जोडत होते, शिवणीकडनं काही कामच घेत नव्हते. आता उलटं उदाहरण बघा. री कावाकुबोनं 1997 च्या उन्हाळी कलेक्शनमध्ये पाठीवर, कमरेवर, पोटावर गाद्या भरून उंचवटे केले, बाईचं शरीर ओळखू येऊ नये इतकं, पण कापड काय वापरलं तर साधं चौकटीचं ताणणारं गिंगहॅम, आपल्याकडच्या शाळेच्या युनिफॉर्मची आठवण येईल असं. आकार वेडा तर कापड गरीब.

तर करायचं काय, कागद घ्या आणि कल्पना एका वाक्यात लिहा. "घोंगडीचा कडकपणा" हे वाक्य चांगलंय. "ग्रामीण महाराष्ट्राची अस्मिता आणि आधुनिक स्त्री" हे वाक्य नाही, त्याच्यावरनं बाही कापता येत नाही. वाक्य झालं की विचारा, हे कापडात बसतंय का कटमध्ये का वरच्या कामात. मग शरीराचा नकाशा काढा, कुठं काहीही चालतंय आणि कुठं काही चालत नाही. कॉलर, पाठ, बाहीचं टोक, घेराचा खालचा वीतभर भाग, खिसा, हे सगळे मोकळे प्रांत आहेत, तिथं जितकं वेड करायचंय तितकं करा. काख, मुंढा म्हणजे बाही जोडतात ती जागा, कंबरेचा घेर, बसायची जागा, ह्या चार ठिकाणी मस्ती नको. पाठीला तर लोक विसरतातच, आमच्याकडं लग्नात बाई निम्मा वेळ पाठमोरी असती, आहेर करताना, फोटोत वाकताना, पंगतीत वाढताना, आणि पाठीवर केलेलं काम जेवणानं खराब पण होत नाही.

खणाबद्दल एक सांगते कारण सगळे खणाच्या मागं लागलेत. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा हातमागाचा खण हा चोळीसाठी विणलेला, त्याचा पन्ना म्हणजे रुंदी लहान असते, त्याचा फुल ड्रेस काढायला गेलात की जोड येणारच आणि जोड लपवायला मग लेस लावता आणि मग तो कुठल्याही सेलमधल्या ड्रेससारखा दिसायला लागतो. एक तर जोड मिरवा, त्याचंच डिझाइन करा, नाहीतर खण लहान जागीच वापरा. इरकलीचं पण तेच, पदर वेगळ्या रेशमाचा असतो आणि अंगाला जिथं जोडलाय ती जागा त्या साडीचा जीव आहे, ती जागा कापून कुर्त्याच्या मार्जिनमध्ये घालवलेली मी बघितलीय, डोळ्यात पाणी आलं.

मग मांजरपाट, मग परीक्षा

पहिला नग चांगल्या कापडात कधीच नाही. मांजरपाटात, म्हणजे स्वस्त कोऱ्या सुती कापडात करायचा, इचलकरंजी इथनं तासाभरावर आहे, तागाच आणून ठेवायचा. आणि तो नग मॅनिकिनवर नाही बघायचा. मॅनिकिन बसत नाही, वाकत नाही, तिला घाम येत नाही. माझ्याकडं जी परीक्षा असते ती अशी, आणि हसू नका, ह्याच्यात नापास झालेले कपडे मी स्वतः विकलेत आणि परत घेतलेत.

स्कूटीवर बसायचं, दोन्ही बाजूला पाय टाकून, आणि कॉलेज कॉर्नरपर्यंत जाऊन यायचं. घेर चाकात जातोय का, बाही आरशात अडकतेय का. मग खाली मांडी घालून बसायचं, पंगतीत बसतात तसं, आणि हात न टेकता उठायचं. मग कोणाच्या तरी पाया पडायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं, आपल्याकडं लग्नात नवी सून दिवसातनं पन्नास वेळा वाकते आणि पुढचा गळा अशा वेळी काय दाखवतो ते ट्रायल रूममधे उभं राहून कळत नाही. हात वर करून देवाच्या फोटोला हार घालायचा, इथं मुंढा बोलतो. बाथरूमला एकटीनं जाऊन यायचं, मदतीला कोणी न घेता. दोन वर्षांचं पोर कडेवर घ्यायचं, आमच्या शेजारच्यांचं मिळतंय, त्यानं मणी तोडले की समजायचं दोरा बदलायला पाहिजे. शेवटी घडी घालून ट्रंकेत दोन दिवस ठेवायचं, बाहेर काढून कसं दिसतं बघायचं, कारण आपल्या गिऱ्हाईकाकडं वॉक-इन वॉर्डरोब नाही, लोखंडी कपाट आहे आणि त्यात तिच्या सासूच्या पण साड्या आहेत.

आणि हे सगळं 42 साइजवर करा. कोर्सला आपल्याला 34 ची सवय लावतात. 34 वर पाठीच्या मधोमध बसलेलं भरतकाम 42 ला दोन्ही बाजूला एवढी जागा सोडून बसतं की पोस्टाचं तिकीट वाटतं, आणि खाका म्हणजे भरतकामाचं रेखाटन नुसतं मोठं करून चालत नाही, टाके विरळ दिसतात. माझ्याकडं विकले जाणारे बहुतेक नग 38 ते 44 मधलेच आहेत, तर डिझाइनच 42 वर काढायचं आणि मग लहान करायचं, उलटं नाही. आत माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, भरपूर ठेवा, दोन्ही बाजूला कमीत कमी दीड इंच. महाग कपडा बाई दहा वर्षं वापरणार असते आणि दहा वर्षांत अंग बदलतं, उसवून मोठा करता येतो हे सांगितलं की 8,000 चा कपडा तिला एकदम परवडायला लागतो, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

घालण्याजोगं केलं म्हणजे कला कमी झाली, असं डोक्यात असेल तर काढून टाका. इस्से मियाके ह्या जपानी डिझायनरनं 1993 ला प्लीट्स प्लीज आणलं, त्यात कपडा आधी अडीच-तीन पट मोठा शिवतात आणि मग कागदात घालून उष्णता देऊन चुण्या पाडतात, म्हणजे जगात चुणी पाडून शिवतात आणि ह्यानं शिवून चुणी पाडली. त्यातनं काय झालं, इस्त्री नको, गुंडाळून बॅगेत टाका, कुठल्याही अंगाला ताणून बसतंय. त्याचं सगळ्यात मोठं कलेचं काम हेच सगळ्यात घालण्याजोगं आहे. आणि लांब कशाला जायचं, नऊवारीच बघा की, एक शिवण नाही, नुसत्या निऱ्या आणि कास्टा, आणि त्यात बाई घोड्यावर बसायची, भात लावायची. आता शिवलेली नऊवारी निघाली, पायजम्यासारखी चढवा, हूक लावा. जुन्या बायका नाकं मुरडतात, मी पण मुरडलं होतं, पण पाडव्याच्या शोभायात्रेत पोरी बुलेटवर त्याच नऊवारीत असतात हे विसरून चालत नाही.

कलेक्शनमध्ये काय किती

आमच्या बॅचला सगळे हाऊट काउचर म्हणायचो, ते ओत कुत्यूर आहे, म्हणजे पॅरिसची मापानं आणि हातानं शिवलेली उच्च फॅशन, हे नोकरीला लागल्यावर कळलं. फ्रान्समध्ये तो शब्द 1945 पासून कायद्यानं राखलेला आहे, यादीत नाव असल्याशिवाय लावता येत नाही. सांगलीत बोर्डावर लिहिलं तर कोण धरणार नाही म्हणा. पण त्या पॅरिसवाल्यांचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. 1947 च्या फेब्रुवारीत दिओरनं तो प्रसिद्ध न्यू लुक दाखवला, एकेका घेराला ढीगभर कापड, युद्ध संपून दोन वर्षं पण नव्हती झाली, लोकं चिडली पण सगळीकडं नाव झालं, आणि त्याच वर्षी मिस दिओर नावाचं अत्तर पण बाजारात आलं. ड्रेस घेणारी एक, अत्तर घेणाऱ्या हजार. कावाकुबोचं पण तेच, उंचवट्यांचे ड्रेस घालणारे थोडे, पण 2002 पासून त्यांची प्ले नावाची ओळ आहे, साध्या टीशर्टवर डोळे असलेलं लाल बदामाचं हार्ट, ते तुम्ही नकली का होईना पुण्याच्या रस्त्यावर नक्की बघितलं असणार. उलटा माणूस म्हणजे क्रिस्तियाँ लाक्रुआ. 1987 ला स्वतःचं फॅशन हाऊस उघडलं, रंग काय, भरतकाम काय, माझा सगळ्यात आवडता, आणि 2009 ला दिवाळखोरी, एवढ्या वर्षांत कंपनीला नफा कधी दिसलाच नाही. टाळ्या मिळत होत्या की.

तर तुमचं अत्तर काय ते आधी ठरवा. माझं आहे घोंगडीचं पाकीट आणि खणाच्या पाठीचं ब्लाऊज. मी आता एका सिझनला बारा डिझाइन करते, त्यातली दोन निव्वळ वेडाची, काचेत लावायची, एकेकच नग. पाच मधली, म्हणजे त्या दोघांमधलं वेड एका जागी आणून ठेवलेली, कॉलर, पाठ, बाही, ह्यांचे प्रत्येकी सहा ते आठ नग. उरलेली पाच लहान, ब्लाऊज, स्टोल, पाकीट, साधा कुर्ता ज्याचं बटणच फक्त वेगळं आहे. पैसा मधल्या पाचांतनं येतो, भाडं लहान पाचांतनं निघतं, आणि लोक दुकानात शिरतात ते त्या दोघांमुळं. म्हणून ती दोन करायची नाहीत असं कधी मनात आणू नका, मी एक वर्ष आणलं होतं, कोरोनानंतर, सगळं सेफ केलं, त्या वर्षी दुकान एवढं साधं दिसायला लागलं की लोक फॉल-पिको करता का विचारायला यायची.

पण तिन्ही एकाच घरातली दिसली पाहिजेत. काचेतल्या कोटाकडं बघून आत आलेल्या मुलीला 900 चं पाकीट घेताना आपण त्या कोटाचाच तुकडा नेतोय असं वाटायला पाहिजे.

पैशाचं बोलू

इथं मी जरा वेळ घेणार आहे कारण इथंच सगळी मरतात. एका खणाच्या जॅकेटचा माझा खरा हिशोब देते. कापड सव्वादोन मीटर, 320 नं, 720 रुपये. अस्तर 180. कॅनव्हास, बटणं, पायपिंग, दोरा मिळून 130. कटिंग-शिलाई 650. हातकाम सहा तास, तासाला 90, म्हणजे 540. झाले 2,220. नवीन पोरं इथं थांबतात आणि 3,500 ला विकून खूश होतात. दुकानाचं भाडं, वीज, फोटो, पिशवी, टॅग, बिघडलेले नग, ह्याचे माझ्याकडं नगामागं 330 येतात. म्हणजे 2,550. मी त्याच्या दुप्पट धरते, 5,100, आणि वर जीएसटी.

आता पुण्यातल्या एखाद्या डिझायनर स्टोअरनं तुमचं जॅकेट ठेवून घेतलं, विकलं तर पैसे, आणि त्यांचे 40 टक्के. 5,100 मधले 2,040 त्यांचे, तुमच्या हातात 3,060, खर्च जाऊन उरले 510. त्यांनी सेल लावला 20 टक्क्यांचा, तुम्हाला न विचारता, मग 4,080 चे 60 टक्के 2,448, म्हणजे प्रत्येक जॅकेटमागं तुम्ही खिशातले 102 रुपये घालताय आणि वर स्टेटस टाकताय की आमचं लेबल पुण्यात मिळतं. मी टाकलं होतं. एका स्टोअरनं तर चार महिन्यांनी माल परत पाठवला तो पण कॉलरला लिपस्टिक लागलेला. तेव्हा बाहेर माल द्यायचा असला तर आधीच लिहून घ्या, सेल लावायचा तर विचारून, खराब झालेला नग विकला असं धरायचं, आणि हिशोब दर महिन्याला. लिहून देत नसतील तर नमस्कार करून यायचं, विश्रामबाग काय वाईट आहे.

जीएसटीत एक रेघ आहे ती डोक्यात ठेवून किंमत लावा. 22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्याला नगामागं 2,500 पर्यंत 5 टक्के आणि त्याच्या वर गेलं की पूर्ण किमतीवर 18. म्हणजे 2,500 चा कुर्ता गिऱ्हाईकाला 2,625 ला पडतो आणि 2,600 चा 3,068 ला. तुम्हाला 100 जास्त मिळावेत म्हणून तिनं 443 जास्त द्यायचे, कोण देईल? तेव्हा अडीच हजार ते साडेतीन हजार ह्या पट्ट्यात मी काही ठेवतच नाही. एखादं डिझाइन 2,700 ला येत असेल तर एक तर हातकाम दोन तासांनी कमी करून रेघेच्या आत आणते नाहीतर जास्त काम घालून सरळ साडेचार हजाराला नेते. विचित्र वाटेल पण काही वेळा ह्या हिशोबानं डिझाइन सुधारलंय, कारण कुठं थांबायचं ते आपल्याला कळत नसतं, सरकारनं कळवलं.

गिऱ्हाईक कोण आणि कधी येतं

इथं उच्च फॅशन कोण घेणार हा प्रश्न मला पुण्याची माणसं हमखास विचारतात. त्यांना विटा-आटपाडी माहीत नसतं. तिकडची गलाई व्यवसायातली घरं, सोनं-चांदी गाळणारी, देशभर पसरलीत, केरळपासून बंगालपर्यंत, आणि यात्रेला, लग्नाला गावी येतात. त्या बायकांनी कोइमतूर, कोलकात्याची दुकानं बघितलेली असतात, कापड हातात घेतलं की उभा धागा आडवा धागा बघतात, त्यांना फसवता येत नाही आणि किमतीची पण भीती नसते. मग तासगाव-पलूसकडचे द्राक्षवाले, माल गेला की मार्च-एप्रिलमध्ये येतात, अवकाळी झाली की त्या वर्षी येत नाहीत, एवढा सरळ संबंध आहे, हवामान खात्याचा अंदाज मी फॅशनच्या साइटपेक्षा जास्त बघते. हळदीचे सौदे, उसाची बिलं, तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त, सगळं कॅलेंडरवर मांडा आणि त्याच्या आधी दीड महिना माल तयार पाहिजे. पॅरिसचं कॅलेंडर आपल्या काही कामाचं नाही.

बाकी गिऱ्हाईक आलं की ते बदल मागणार. "बाही जरा लांब करा की", "पाठ बंद करा, सासरे असतात", "हेच गुलाबीत नाही का?" ह्याला कंटाळून रुसणारे डिझायनर मी बघितलेत आणि सगळ्याला हो म्हणणारे पण, दोघं पण बुडाले. माझी पद्धत अशी की डिझाइन झालं की त्याच दिवशी वहीत लिहून ठेवते, ह्याच्यात काय बदलता येईल आणि काय नाही. घोंगडी कॉलरच्या जॅकेटला बाही, उंची, रंग, अस्तर सगळं बदलून मिळेल, कॉलर लहान करून मिळणार नाही. आधीच ठरलेलं असलं की समोर बाई असताना डोकं फिरत नाही, हसून सांगता येतं, काकू, कॉलर तेवढी राहू द्या, बाकी म्हणाल तसं. निम्म्याहून जास्त ऐकतात. आणि एखादीच मागणी सात-आठ जणींकडनं आली तर तो हट्ट नसतो, ती चूक असते आपली. ब्लाऊजची पाठ बंद करा म्हणणाऱ्या एवढ्या झाल्या की मी शेवटी आत सरकणारा एक पडदाच केला, हुकांनी लावायचा, सासरे आले की लावा, गेले की काढा. ते माझं सगळ्यात जास्त खपलेलं ब्लाऊज आहे.

मास्तरांबद्दल दोनच ओळी. माझ्याकडं मिरजेचे चाचा आहेत, कटिंग तेच करतात, आणि मांजरपाटाच्या वेळीच त्यांना शेजारी बसवायचं, चित्र काढून झाल्यावर नाही. कॉलरीला कॅनव्हास लागणार नाही हे मला नाही, त्यांना सुचलेलं. "ताई, ही स्वतःच उभी राहती की, कशाला वजन घालताय?" एवढंच म्हणाले. सुचवलेलं वापरलं तर त्याचे पैसे वेगळे द्या.

जे खपत नाही त्याचं

ऑगस्ट 2019 ला पूर आला तेव्हा माझं दुकान मारुती चौकाजवळ होतं. पाणी उतरल्यावर चिखलातनं एकेक नग बाहेर काढून मोजत बसलो, आणि तेव्हा कळलं की त्यातले निम्मे तीन-तीन वर्षांचे पडून राहिलेले, मी त्यांना कधी हातच लावला नव्हता. पुरानं माझा स्टॉक ऑडिट केला म्हणा. तेव्हापासनं नियम, प्रत्येक टॅगच्या मागं पेन्सिलीनं महिना लिहायचा. तीन महिने झाले की जागा बदलायची, काचेत आणायचा, दुसऱ्या कशावर तरी घालून दाखवायचा. सहा महिने झाले की सेल नाही, उसवायचं. सेल लावला की पुढच्या वेळी सगळी सेलची वाट बघतात. उसवलं की भरतकामाचा तुकडा पाकिटावर जातो, अस्तर परत वापरात येतं, आणि उसवताना कळतं पण की काय चुकलं होतं. दोन वेडाची डिझाइन सोडून, ती उसवायची नाहीत, त्यांची कमाई वेगळ्या वाटेनं येते.

घोंगडीच्या कोटाचंच सांगते. काकूंचं नाटकाचं मी हसण्यावारी नेलं होतं, पण मागच्या वर्षी एका प्री-वेडिंगवाल्या फोटोग्राफरनं विचारलं, मग दिला, दिवसाला 800. आतापर्यंत एकवीस वेळा गेलाय, एकदा खरोखर नाटकाला पण. विकला असता तर 14,000 आले असते. मध्ये पावसाळ्यात कडुलिंबाचा पाला घालायचा राहिला आणि डाव्या बाहीला कसर लागली, तिथं चाचांनी लाल दोऱ्यानं रफू केलंय, गोल, रुपयाएवढं. गेल्या आठवड्यात एक मुलगी विचारत होती ह्या लाल टिकल्याचं जॅकेट मिळेल का. 40 साइजचं कटिंग कालच झालंय.